डोहाळे कोणाचे?

अलीकडे डोहाळजेवणाच्या ज्या निमंत्रणपत्रिका हाती येतात, त्यांवर गणपती आणि नारळ यांच्या जोडीला एखादी काळी मेंढी असते, चंद्रावरून उडी मारणारी गाय असते, नाहीतर भिंतीवर पाय सोडून बसलेले अंडे असते. समारंभाला नाव 'बेबी शॉवर' असे दिलेले असते आणि सगळी सजावट इंग्रजी बालगीतांवर बेतलेली असते. महिनाभर आधीपासून तिची आखणी चालते. पडदा कोणत्या गीताचा, केकवर कोणते चित्र, खेळात गाळलेले शब्द कोणी भरायचे, पाहुण्यांस कोणती चिमुकली पुस्तके द्यायची, हे सारे कागदावर उतरते. देवळाच्या सभागृहात समोर देवीची पालखी ठेवलेली असते आणि मागच्या भिंतीवर कापसाच्या मेंढ्या चरत असतात. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, संस्कृती बुडाली. तरुण मंडळी म्हणतात, चार मेंढ्यांनी काय बुडते?

आमचा व्यवसाय वकिलीचा. दोन्ही पक्षांचे दस्तऐवज पाहिल्याविना मत देण्याची आम्हांस सवय नाही. ते पाहू गेल्यावर असे आढळले की वाद मेंढ्यांचा नाहीच. तो फार जुन्या एका प्रश्नाचा आहे, आणि त्यावर आपल्याच एका थोर धर्मशास्त्रज्ञाने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी निर्णय देऊन ठेवला आहे.

प्रथम परदेशी पक्षाची कागदपत्रे. 'शॉवर' म्हणजे भेटींचा वर्षाव. हा शब्द अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आधी वधूसाठी रूढ झाला. मैत्रिणींनी जमून नव्या संसाराला लागणाऱ्या वस्तू द्यावयाच्या, असा तो बेत. होणाऱ्या बाळासाठी तसाच समारंभ करण्याची चाल दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तेथे सार्वत्रिक झाली. त्याआधी इंग्रजी सभ्य समाजात गर्भारपणाचा चारचौघांत उच्चार करणेही अशिष्ट मानले जाई. इंग्लंडच्या चर्चने १६६२ च्या आपल्या प्रार्थनाग्रंथात स्त्रीसाठी जो विधी ठेवला, तो प्रसूतीनंतरचा आहे. सुखरूप सुटका झाल्याबद्दल आभार मानण्याचा. प्रसूतीपूर्वी तिला काय हवे, काय नको, हे चार जणींत बसून विचारण्याचा विधी त्या ग्रंथात नाही.

बालगीतांचे वय मात्र याहून मोठे. १७४४ साली लंडनमध्ये टॉमी थम्ब या कल्पित नावाने बालगीतांची एक चिमुकली पुस्तिका निघाली. काळी मेंढी तिच्यातच प्रथम छापलेली सापडते. भिंतीवरचे अंडे १७९७ साली छापील रूपात आले. मुळात ते कोडे होते. आता प्रत्येक पुस्तकात अंड्याचे चित्र काढून ठेवल्यामुळे कोड्यात कोडे उरले नाही, ही गोष्ट वेगळी. आकाशातील चिमुकल्या ताऱ्याचे गीत जेन टेलर या इंग्रज बाईंनी १८०६ साली लिहिले. कोकरू पाठोपाठ शाळेत येणाऱ्या मेरीचे गीत अमेरिकेतील सारा जोसेफा हेल यांचे, १८३० सालचे. आयोना आणि पीटर ओपी या इंग्रज दांपत्याने १९५१ साली या साऱ्या गीतांचा कोश सिद्ध केला. त्यातून एक गमतीची गोष्ट पुढे आली. अंगाईगीते आणि थोडी खेळगाणी सोडली, तर यांतील बहुतेक गीते मुलांसाठी रचलेलीच नव्हती. ती पोवाड्यांचे तुकडे, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, पानगृहांतील गाणी अशी इकडून तिकडून येऊन पाळण्याशी विसावली. अमुक गीतात प्लेगची साथ दडली आहे, तमुक गीतात लोकरीवरचा कर आहे, अशा ज्या कथा हल्ली हौसेने सांगतात, त्यांना बहुतेक ठिकाणी पुरावा नाही. साक्षीदाराने घटनेनंतर दोनशे वर्षांनी येऊन दिलेली जबानी आम्ही तरी ग्राह्य धरणार नाही.

म्हणजे या गीतांत निषिद्ध असे काही नाही. ती निरुपद्रवी आहेत, गोड आहेत. परंतु ती पाळण्याशेजारची आहेत, बाळ जन्मल्यानंतरची आहेत. आपल्याकडे त्यांच्या जागी पाळणे आहेत, पावसाला पैशाची लाच देणारे गाणे आहे, चांदोबाची चौकशी करणारे गाणे आहे. त्या सर्वांचा दिवस बारशाचा आणि त्यापुढचा. डोहाळजेवणाचा दिवस निराळा.

आता आपली कागदपत्रे. डोहाळजेवणाच्या मुळाशी जो संस्कार आहे तो सीमंतोन्नयन. सीमंत म्हणजे केसांतील भांग. तो वर नेणे म्हणजे भांग पाडणे. आश्वलायन गृह्यसूत्रात हा संस्कार चौथ्या महिन्यात सांगितला आहे. पारस्कराने सहावा किंवा आठवा महिना दिला आहे. पतीने कच्च्या उंबरांचा घोस, तीन पांढरे ठिपके असलेले साळिंदराचे पीस आणि दर्भाच्या जुड्या घेऊन पत्नीचा भांग कपाळापासून वर पाडावयाचा. साऱ्या सोळा संस्कारांत नवऱ्याने बायकोचे केस विंचरावेत असा हा एकच प्रसंग असावा. आणि मग आश्वलायन दोन वीणावादकांस बोलावतो. त्यांनी सोम राजाची गाथा गावी, आणि ज्या नदीच्या काठी ते कुटुंब राहत असेल तिचे नाव त्या गाथेत घ्यावे, असे तो सांगतो. सूत्रात नदीचे नाव मुद्दाम रिकामे ठेवले आहे. जेथे राहाल तेथली नदी घाला. मांडवीच्या काठी राहणाऱ्यांनी मांडवी म्हणावे, वडोदऱ्याला विश्वामित्री, हैदराबादेस मुसी. घर सोडून दूर वसलेल्या आपल्यासारख्या मंडळींना सूत्रकाराची ही सोय विशेष भावेल.

याच्याच पुढचे सूत्र आम्हांस वकील या नात्याने फार मोलाचे वाटते. पती आणि अपत्ये हयात असलेल्या वृद्ध ब्राह्मणी जे जे सांगतील ते ते करावे, असा त्याचा आशय. हा अधिकार सोपवण्याचा प्रकार झाला. शास्त्राने आपले बोलणे संपवले आणि उरलेला समारंभ म्हाताऱ्या बायकांच्या स्वाधीन केला. आमची अशी समजूत आहे की ओटी, हिरवा चुडा, फुलांची वाडी, झोपाळा, डोहाळ्यांची गाणी ही सगळी याच दारातून आत आली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ सालच्या खंडात या संस्काराचे स्वरूप प्रामुख्याने सामाजिक आणि उत्सवाचे आहे, गर्भिणीचे मन प्रसन्न ठेवणे हा त्याचा हेतू आहे, असे मत दिले आहे. काणेही वकीलच होते.

या सूत्रात एक काटाही आहे, आणि तो लपवणे बरे नाही. पती हयात नसलेल्या वृद्धेला त्यात जागा नाही. पुष्कळ घरांत ती आजही ओटीच्या पाटापाशी येत नाही. ज्या आजीला साऱ्या महिन्यांचे डोहाळे तोंडपाठ, तीच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड उभी असते, आणि पुढे ध्वनिफितीवरचे गाणे चालते. कापसाच्या मेंढीने संस्कृती बुडेल म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी इकडे पाहावे.

मूळ प्रश्न आता येतो. हा संस्कार स्त्रीचा की गर्भाचा? प्राचीनांमध्ये यावर मतभेद होता. गर्भाचा म्हटला तर प्रत्येक गर्भारपणी केला पाहिजे. स्त्रीचा म्हटला तर पहिल्या वेळी एकदाच पुरे. याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने याचा निकाल स्पष्ट दिला: पुंसवन आणि सीमंतोन्नयन हे क्षेत्राचे, म्हणजे स्त्रीचे, संस्कार होत. म्हणून ते एकदाच करावेत, दर गर्भाला नव्हेत. विज्ञानेश्वर चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या राज्यात कल्याणी येथे होता. ते कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. हैदराबाद आणि सीमाभागातील वाचकांना तो जवळजवळ शेजारीच. ज्या मिताक्षरेवर आपल्या न्यायालयांत शेदीडशे वर्षे वारसाचे खटले लढवले गेले, तीच ही. 'क्षेत्र' म्हणजे शेत, आणि स्त्रीला शेत म्हणणे हा गौरव नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीसुद्धा निकालाचे फलित महत्त्वाचे आहे. त्या दिवशी पाटावर बसलेली व्यक्ती पोटातल्या बाळाचे वाहन म्हणून बसलेली नाही. समारंभ तिचा आहे.

डोहाळ्यांची कल्पनाही याच बाजूची साक्ष देते. सुश्रुत चौथ्या महिन्यातील गर्भिणीला दोन हृदयांची म्हणतो. तिच्यातून दोघांच्या इच्छा बोलतात, पण बोलणारे तोंड एकच असते. याज्ञवल्क्याने तर इशाराच दिला आहे की डोहाळे न पुरवल्यास गर्भाला दोष येईल, तो कुरूप होईल किंवा दगावेलही, यास्तव स्त्रीला प्रिय असेल ते करावे. वैद्यकाच्या कसोटीवर हे उतरणार नाही. परंतु त्यामागची युक्ती पाहा. ज्या घरात सुनेच्या इच्छेला एरवी कवडीची किंमत नाही, तेथे नातवाच्या भीतीने का होईना, सासूने विचारले पाहिजे: "तुला काय खावंसं वाटतं गं?"

विचारण्याची ही परंपरा काव्यांतून सर्वत्र दिसते. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा लाजेने सांगत नाही, म्हणून दिलीप राजा तिच्या सख्यांना पुनःपुन्हा विचारत राहतो. श्रीधरांनी १७०३ साली पंढरपुरी पूर्ण केलेला 'रामविजय' आपल्या कितीतरी देवळांतून वाचला जात आला आहे. त्यात दशरथ प्रत्येक राणीच्या महालात जाऊन डोहाळे पुसतो. कैकेयी काय मागते? आपल्या पुत्राला राज्य आणि सवतीच्या पुत्राला वनवास. ऐकून राजाचे काळीज फाटते. विचारणे सोपे असते, उत्तर ऐकणे कठीण, हे श्रीधरांना पक्के ठाऊक होते. परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात जिजाऊंना हत्तीवर बसावे, सिंहासनावर विराजावे असे डोहाळे होतात. एखाद्या बाईने सिंहासन मागावे आणि ते ऐकून कोणी हसू नये, अशी दुसरी जागा त्या काळच्या समाजात कोठे होती?

आणि रघुवंशाचा चौदावा सर्ग. राम सीतेला डोहाळे विचारतो. ती गंगाकाठची तपोवने पुन्हा पाहावीत असे म्हणते. तो 'होय' म्हणतो. पुढे लोकापवाद कानी आल्यावर त्याच इच्छेचे निमित्त करून लक्ष्मण तिला रथातून नेतो आणि वनात सोडून येतो. डोहाळे पुरवल्यासारखे करून केलेला एवढा मोठा घात साहित्यात दुसरा नसेल. जात्यावरच्या ओव्यांत बायका हा प्रसंग शतकानुशतके का आळवत राहिल्या, हे यावरून कळावे. त्या ओव्यांचा ठेवा साने गुरुजींनी 'स्त्रीजीवना'त जमवला, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या मार्फत पुष्कळ छापला. त्यांतील डोहाळ्यांची गाणी महिन्यांच्या क्रमाने चालतात आणि त्यांत आंबट चिंचेपासून माहेरच्या वाटेपर्यंत सारे येते. त्यांतही केंद्रस्थानी बाळ नाही, ती आहे.

हे असे का, याचे एक कारण भावनेच्या पलीकडचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे दोनशे पहिल्या वर्षातच जात. २०२० साली हा आकडा २८ वर आला होता. जन्मापूर्वी बाळाचे अंगडे-टोपडे आणू नये, पाळणा टांगू नये, ही घरोघरची रीत त्या दोनशेतून आलेली आहे. न आलेल्या पाहुण्याचे ताट वाढीत नसत. पहिलटकरणीला सातव्या महिन्यात माहेरी पाठवताना ती परत येईल याचीही खात्री नसे. बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म असे आपण उगाच म्हणत आलो नाही. डोहाळजेवणातील लाडामागे ही धाकधूक होती. हातात आहे तोवर हिचे कौतुक करून घ्या.

राहता राहिली 'थीम'. हा शब्द नवा, वस्तू जुनी. बागेतले डोहाळजेवण, चांदण्यातले, नावेतले, झोपाळ्यावरचे, धनुष्यबाण हाती घेऊन बसवलेले, हे प्रकार आपल्या आज्या-पणज्यांनीच योजले. प्रांतोप्रांती नावेही निराळी. गोव्यात फुले माळतात, गुजरातीत खोळा भरतात, इंदूर-ग्वाल्हेरीकडे गोद भरतात, कन्नडभाषक शेजारणी उडी भरतात, आणि गुजरातेत, कर्नाटकात, तेलंगणात 'सीमंत' हा आश्वलायनाचा शब्द अजून बोलीत जिवंत आहे. आपण मराठी लोकांनी मात्र तो मुहूर्ताच्या कागदापुरता ठेवला. हे सगळे देखावे कोणासाठी होते? नाव सजवायची ती तिला बसवण्यासाठी. चांदण्यात पाट मांडायचा तो तिला गार वाटावे म्हणून. मेंढ्यांचा देखावा आणि हे देखावे यांत आम्हांस फरक दिसतो तो एवढाच. तेथे देशी-विदेशीचा प्रश्न नाही. मेंढ्या बाळासाठी आहेत, भेटी बाळासाठी आहेत, खेळ बाळाच्या गाण्यांचे आहेत, आणि जिचा दिवस ती एका सुशोभित खुर्चीवर बसून तीन तास छायाचित्रे काढून घेते.

या समारंभाला आणखी एक नवे शेपूट जोडले जात आहे. अमेरिकेत २००८ च्या सुमारास गर्भाचे लिंग केकच्या गुलाबी वा निळ्या रंगाने जाहीर करण्याची टूम निघाली. चित्रे पाहून आपल्याकडेही कोणाकोणाला तशी हौस वाटते. त्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे की गर्भलिंग तपासणे आणि सांगणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९८८ साली असा कायदा प्रथम केला. केंद्राचा १९९४ चा कायदा १९९६ पासून लागू झाला आणि २००३ साली अधिक कडक झाला. डोहाळजेवणातील झाकलेल्या वाट्या, एकीखाली पेढा आणि एकीखाली बर्फी, हा खेळ या कायद्यात येत नाही, कारण तो निव्वळ अंदाज आहे. पण पेढा निघाल्यावर जो गलका होतो आणि बर्फी निघाल्यावर जे क्षणभर थांबणे होते, ते पाटावरच्या मुलीला ऐकू येतेच.

त्या थांबण्याचाही इतिहास आहे. सीमंतोन्नयनाच्या आधीचे पुंसवन मुलगा व्हावा म्हणूनच केले जाई. दह्यात दोन उडीद आणि एक जव घालून पत्नीला द्यावयाचे. आमच्या गोव्यात तर हे कायद्याच्या पुस्तकात शिरले. हिंदूंच्या रूढींविषयीचा पोर्तुगीज सरकारचा डिसेंबर १८८० चा हुकूम काढून पाहा. पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूलच झाले नाही, किंवा तिशी पुरी होऊनही मुलगा झालेला नाही, तर तिच्या संमतीने पतीस दुसरे लग्न करता येई. त्या संमतीला काय अर्थ असे, ते सांगण्यास वकील नको. मौज अशी की त्याच गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे मुलगा आणि मुलगी यांचा वारसाहक्क सारखा होता. बाकीच्या देशात १९५६ च्या कायद्याने अर्धी वाट चालली आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद झाली. त्याच १९५६ च्या कायद्याचे विसावे कलम पोटातील अपत्याचा हक्कही राखते. म्हणजे वाटीखाली पेढा निघो की बर्फी, वाटणी तीच. गर्भाची बाजू कायद्याने पुरेशी सांभाळली आहे. त्यासाठी त्याच्या आईचा दिवस काढून घेण्याचे कारण नाही.

मग आखणी करणाऱ्यांनी करावे काय? आमची सूचना साधी आहे. काळी मेंढी, गाय, अंडे आणि तारा यांना थोडे थांबू द्यावे आणि बारशाला आणावे. तेथे पाळणा असेल, ऐकणारे कान असतील, आपल्या पाळणागीतांच्या शेजारी तीही खुशाल म्हटली जावीत. डोहाळजेवणाला चार वृद्धांना समोर बसवावे, त्यांच्या कपाळावर कुंकू आहे की नाही हे न पाहता, आणि त्यांना जे आठवते ते म्हणू द्यावे. अंतरे गळाले तर गळू द्यावेत. ज्या गावी राहता तेथल्या नदीचे नाव त्यात गुंफता आले तर फारच उत्तम. भांग नवऱ्याने पाडावा. साळिंदराचे पीस नको, वन्यजीवांचा कायदा आडवा येईल, फणी पुरे. वाट्यांचा खेळ ठेवायचाच तर दोन्हींखाली पेढाच ठेवावा.

आणि आखणीचा कागद हाती घेण्याआधी, कोणी जवळ नसताना, तिला विचारावे की तुला काय हवे. ती झोप म्हणेल, माहेरच्या विहिरीचे पाणी म्हणेल, चार दिवस कोणीही येऊ नये असेही म्हणेल. आणि कदाचित ती म्हणेल की मला भिंतभर काळ्या मेंढ्याच हव्यात, लहानपणापासून ते गाणे मला आवडते. तसे ती म्हणाली, तर याज्ञवल्क्याच्या वचनाप्रमाणे मेंढ्या आणल्याच पाहिजेत, आणि आमचा वरचा सगळा युक्तिवाद आम्ही मागे घेऊ.